'काय करता?' आणि 'काय करताय?'

फोनवरच्या बाईंनी विचारलं, "व्हॉट डू यू डू?" आमच्या इंग्रजीच्या वर्गातल्या एक ताई क्षणभर गोंधळल्या आणि जे खरं होतं तेच बोलल्या, "आय एम सिटिंग." कामासाठीचा फोन होता. पलीकडे कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी ताई वर्गात आल्या त्या तणतणतच. "मॅडम, बसलेलेच होते ना मी? मग खोटं काय सांगितलं?"

मी त्यांना मराठीत विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

"पोळ्या करते की. चार घरी."

"आणि आत्ता काय करताय?"

"बसलेय. तुमच्यासमोर." एवढं बोलून त्या थांबल्या, मग कपाळावर हात मारून घेतला.

'करता' आणि 'करताय'. फरक एका 'य'चा. 'व्हॉट डू यू डू' म्हणजे 'काय करता', 'व्हॉट आर यू डूइंग' म्हणजे 'काय करताय'. 'तुम्ही मासे खाता का?' असं विचारणारा तुमची सवय विचारतो, 'मासे खाताय का?' असं विचारणारा ताटाकडे बघून बोलतो. यात मराठी माणूस कधीच चुकत नाही, अगदी तीन वर्षांचं पोरसुद्धा. त्यामुळे इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ शिकवताना मी नियमापासून सुरुवात करणं केव्हाच सोडून दिलंय. नियम त्यांच्या तोंडात आधीच असतो, मला तो फक्त दाखवून द्यायचा असतो.

माझा वर्ग म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराची पुढची खोली आणि एक पांढरा फळा. वेळ दुपारी तीन ते साडेचार. घरची कामं आटपलेली असतात आणि पोरं अजून शाळेतून यायची असतात. येणाऱ्या बहुतेकींच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते राज्यात आलं 2000 साली. 'आय गो, वी गो, यू गो, ही गोज' हे त्यांना पाढ्यासारखं पाठ आहे. पण पाढा पाठ असला तरी भाजीवाल्याचा हिशोब वेगळाच करावा लागतो.

मुळात 'वर्तमानकाळ' या नावानेच घोळ होतो. वर्तमान म्हणजे आत्ता, असं आपण धरून चालतो. इंग्रजीचा साधा वर्तमान 'आत्ता'बद्दल फार क्वचित बोलतो. जे नेहमी होतं, पुन्हापुन्हा होतं, जे तसंच असतं, ते तो सांगतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, हे त्याचं काम. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, हेही त्याचंच. मागचा 2015 ला झाला, पुढचं शाहीस्नान 2027 ला. मधली सगळी वर्षं रामकुंडावर गर्दी नसली तरी 'सिंहस्थ येतो' असंच म्हणायचं. सवय रोजचीच असली पाहिजे असं नाही, तिचा फेरा ठरलेला असला की झालं. म्हणूनच गाड्यांच्या वेळाही याच काळात सांगतात. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते, आणि उद्याच्या गाडीबद्दल बोलतानाही इंग्रजीत 'द ट्रेन लीव्ज ऍट सेव्हन टुमॉरो' चालतं. मराठीतही आपण 'उद्या सातला सुटते' असंच म्हणतो ना.

मग 'आय एम गोइंग टू मार्केट डेली' असली वाक्यं येतात कुठून? मला तरी यामागे दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे आपलं 'जात असते'. 'मी रोज गंगेवर जात असते' यातलं 'जात' कानाला 'गोइंग' वाटतं. (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) दुसरी गोष्ट मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ. हिंदीत 'मैं जाती हूँ' म्हटलं की मागे 'हूँ' येतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं 'एम' कुठेतरी बसवलाच पाहिजे. त्यातून 'आय एम गो' जन्माला येतं. आपल्याला हिंदीच्या वळशाने जायची काहीच गरज नाही. 'मी जाते', 'आय गो'. दोन शब्दांना दोन शब्द. मराठी वाक्यात 'आहे' ऐकू येत नसेल तर इंग्रजीत 'एम-इज-आर' घालू नका, एवढी एक खूण मी पहिल्या आठवड्यात देते. 'मी नर्स आहे', मग 'आय एम अ नर्स'. 'मी काम करते', मग नुसतं 'आय वर्क'. ही खूण काही ठिकाणी दगा देते, त्याकडे पुढे येते.

पुस्तकांतल्या सवयींवर माझा राग आहे. 'आय ब्रश माय टीथ. आय टेक अ बाथ.' आता मला सांगा, चाळीस वर्षांच्या बाईला हे वाक्य उभ्या आयुष्यात कोणाला ऐकवायचंय? तुम्ही दात घासता का, असं कोणी विचारलं तर आधी भांडण होईल. माणसं एकमेकांना ज्या सवयी खरोखर विचारतात त्या घ्याव्यात. किती वाजता येता? कशाने येता? सुट्टी कधी असते? कांदा-लसूण खाता का? 'आय टेक द बस फ्रॉम द्वारका.' 'आय चेंज ऍट सीबीएस.' (द्वारका हा इथला चौक, सीबीएस हा बसस्टँड.) ही वाक्यं त्याच संध्याकाळी कामी येतात.

सवय कशाला म्हणायचं हे दाखवायला मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवते. आमच्या घरी त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. 4 तारखेवर फुली, 19 वर फुली, आणि प्रत्येक अमावास्येला फुली, कारण आमचा दूधवाला अमावास्येला येत नाही. मी विचारते, यातली सवय कोणती? 4 आणि 19 हे खाडे. त्या दिवशी आला नाही, विषय संपला. ते भूतकाळात गेलं, 'ही डिडन्ट कम'. अमावास्येची फुली मात्र पुढच्या महिन्यातही पडणार आहे आणि त्याच्या पुढच्याही. ती सवय, 'ही डजन्ट कम ऑन अमावास्या'. न येणं हीसुद्धा सवय असते, हे कळलं की नकारार्थी वाक्यांची भीती बरीच कमी होते. त्या दिवसापासून वर्गात एक बोली तयार झालीय. कोणी विचारलं, "मॅडम, इथे डिडन्ट की डजन्ट?" तर दुसरी कोणीतरी विचारते, "खाडा आहे का रीत?"

दिंडोरीकडचा एक तरुण वर्गात येतो, घरची द्राक्षबाग आहे. बाहेरचे व्यापारी बाग बघायला आले की हा त्यांना सांगायचा, "वी आर प्रूनिंग इन एप्रिल अँड ऑक्टोबर." डिसेंबरात हे ऐकलेल्या पाहुण्याचा काय गोंधळ होत असेल! येत्या एप्रिलमध्ये छाटणार आहेत, की नेहमीच छाटतात? द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये, ही इकडची ठरलेली रीत. म्हणून 'वी प्रून द वाइन्ज ट्वाइस अ इयर'. कात्री हातात घेऊन वेलीसमोर उभे असाल तेव्हाच 'वी आर प्रूनिंग'.

आता तो बदनाम 'एस'. ही, शी, इट आले की क्रियापदाला 'एस' लावायचा. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यांचाच सुटतो. मी म्हणते, आपल्याकडे हा 'स' आहेच की. 'तू करतेस', 'तू जातोस', 'तू पितेस'. फक्त मराठीने तो 'तू'ला दिला आणि इंग्रजीने 'ती'ला. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत 'तू'साठी 'दाऊ' हा वेगळा शब्द होता, आणि 'तू जातोस'ला म्हणायचे 'दाऊ गोएस्ट'. ऐकायला किती ओळखीचं! व्याकरणातल्या प्रत्येक पुरुषाला (मी, तू, ती) आपापली शेपटी होती, मराठीसारखीच. शेकडो वर्षांत बाकीच्या झिजून गेल्या. 'ती जाते'ची शेपटी 'एथ' होती, 'गोएथ'. तिची जागा उत्तरेकडच्या बोलींतून आलेल्या 'एस'ने घेतली आणि तेवढी एकच आज उरलीय. म्हणजे इंग्रजीत नियम वाढलेला नाही, चार-पाचातला एक शिल्लक राहिलाय. आपण रोज 'करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात' एवढं सगळं सांभाळतो, तिथे एका 'एस'चं काय ओझं?

ओझं कुठे आहे ते मला एका वहिनींनी शिकवलं. त्या बाकी सगळीकडे 'एस' नीट लावायच्या, पण एक वाक्य दर वेळी तसंच यायचं, "माय मदर-इन-लॉ गेट अप ऍट फाइव्ह." दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, 'सासूबाई उठतात' म्हणतो ना आपण? 'उठते' कसं म्हणू?" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'उठतात' हे आदराचं अनेकवचन. मनात वाक्य 'सासूबाई पाचला उठतात' असं तयार होतं, 'तात' ऐकला की मन इंग्रजीतलं 'दे', म्हणजे 'ते सगळे', समजतं, आणि 'दे'ला 'एस' लागत नाही. वर त्या 'एस'ने सासूबाईंना एकेरीवर आणल्यासारखं वाटतं ते वेगळंच. वर्गाची वही काढून पाहिली तर 'माय फादर', 'अवर सर', 'डॉक्टर' या सगळ्यांचे 'एस' सुटलेले, आणि 'माय सन', 'द कॅट' यांचे जागच्या जागी! तेव्हापासून सांगते की इंग्रजीत डोकी मोजायची, मान नाही. सासूबाई एक, म्हणून 'गेट्स अप'.

उलटा घोळ 'आवडतं'चा. 'मला मिसळ आवडते' यात 'आवडते' मिसळीच्या बाजूने बोलतं, म्हणून 'आय लाइक्स मिसळ' असं तोंडातून निघतं. इंग्रजीत आवडणं माणसाचं असतं, मिसळीचं नाही. 'आय लाइक मिसळ.'

नकाराकडे वळते, कारण सगळ्यात जास्त लाल शाई तिथे खर्च होते. 'शी डजन्ट ड्रिंक्स टी.' 'एस' लावायचा म्हणून मोठ्या कष्टाने शिकवलेलं असतं, आणि आता तोच काढा म्हणायचं! शिकणाऱ्याला ही फसवणूक वाटते. इथेही मराठीच मदतीला येते. फळ्यावर लिहिते:

तू पितेस. तू पीत नाहीस.
ते पितात. ते पीत नाहीत.

आणि विचारते, 'पितात'चा 'तात' कुठे गेला? नीट बघितलं की दिसतं, 'नाही' आल्याबरोबर क्रियापद शेपटी टाकून नुसतं 'पीत' होऊन बसतं आणि माणसाची ओळख 'नाही'च्या अंगावर जाते. नाहीस, नाहीत. 'पितात नाहीत' असं कोणी म्हणतं का? वर्ग हसतो. मग 'डजन्ट ड्रिंक्स' हे अगदी तेच. 'शी ड्रिंक्स' मधला 'एस' उडी मारून 'डू'वर बसला, त्याचं 'डज' झालं, आणि मागे राहिलं नुसतं 'ड्रिंक'. पोळ्यावाल्या ताईंनी यावर जे सांगितलं ते माझ्या पंधरा मिनिटांच्या समजावण्यापेक्षा बरं होतं, "म्हणजे एकच टिकली आहे. कपाळ बदललं की ती पण हलवायची."

प्रश्नाचंही हेच. आपला 'का' वाक्याच्या शेवटी असतो, 'ती चहा घेते का?' तो उचलून पुढे ठेवायचा आणि त्याला 'डू' म्हणायचं. 'ती' असेल तर टिकली त्याला, 'डज शी टेक टी?' पुढे 'टेक' कोरं.

पण 'एम-इज-आर' ना 'डू' मागतात ना 'डज'. 'इज शी अ नर्स?' म्हटलं की पुरे. 'हॅव' मात्र 'ही-शी'बरोबर 'हॅज' होतं, 'हॅव्ज' नाही.

उच्चाराचंही एक सांगायला हवं, कारण पुस्तकं ते गाळतात. हा 'एस' लिहायला एकच, पण ऐकू तीन तऱ्हांनी येतो. 'कुक्स', 'गेट्स', 'वॉक्स' इथे सरळ 'स'. 'गोज', 'कम्ज', 'क्लीन्ज' इथे 'जवळ'मधल्या 'ज'सारखा. आणि शब्दाच्या शेवटी आधीच स, श, च असला तर अख्खा एक 'इज' वाढतो, 'वॉचिज', 'वॉशिज'. हिंदी बोलणाऱ्याला यातला मधला आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला 'जवळ' आणि 'जमीन' यांतला फरक आयताच आहे. 'डज'ला 'डूज' आणि 'सेज'ला 'सेईज' मात्र म्हणायचं नाही.

एवढं करूनही भराभर बोलताना 'एस' गळतोच. मी तिथे टोकत नाही. माझ्याकडे त्याला चांगलं कारण आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 14 छोटे प्रत्यय आणि शब्द मुलांच्या तोंडी कुठल्या क्रमाने पक्के होतात ते त्यांनी नोंदवलं. सगळ्यात आधी आला 'आयएनजी'. अनेकवचनाचा 'एस', म्हणजे 'टू कप्स'मधला, चौथा. आणि 'शी ड्रिंक्स'मधला 'एस' थेट दहावा. अक्षर तेच, आवाजही तोच, तरी सहा पायऱ्या मागे! 'टू कप्स'चा 'एस' काहीतरी सांगतो, कप एकापेक्षा जास्त आहेत म्हणून. 'शी ड्रिंक्स'चा 'एस' काहीच नवीन सांगत नाही, 'शी' म्हटल्यावर सगळं कळलेलंच असतं. मग मेंदूने त्याची घाई का करावी? इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांमध्येही हा 'एस' उशिरानेच बसतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून लिहिताना मी 'एस' मागते, बोलताना वाट बघते. आणि 'आयएनजी'चा सुळसुळाट पाहून आता चिडतही नाही, तो आधी येणारच.

'नेहमी', 'कधीकधी', 'क्वचित' हे शब्द कुठे ठेवायचे याची काळजी नको. 'ती नेहमी उशिरा येते', 'शी ऑलवेज कम्ज लेट'. दोन्हीकडे कर्त्याच्या लगेच पुढे. 'एम-इज-आर' असेल तरच ते ओलांडून पलीकडे, 'शी इज ऑलवेज लेट'. अडकायला होतं ते 'कधीच'पाशी. आपण 'मी कधीच कॉफी पीत नाही' असं दोन-दोन नकार लावून बोलतो, म्हणून 'आय डोन्ट नेव्हर ड्रिंक कॉफी' होतं. 'नेव्हर'च्या पोटात 'नाही' आहे, दुसरा घालू नका. वेळेचं तर सोपंच आहे. 'सहाला' असेल तर 'ऍट', 'सकाळी'ला 'इन द मॉर्निंग', 'रविवारी'ला 'ऑन संडेज'. 'पावणेसात'चं 'क्वार्टर टू सेव्हन' जमायला मात्र महिना जातो.

मघाशी म्हटलं की 'आहे'ची खूण दगा देते. 'मला माहीत आहे' यात 'आहे' आहे, पण इंग्रजीत नुसतं 'आय नो'. 'मला हवं आहे', 'आय वॉन्ट'. 'मला दोन भाऊ आहेत', 'आय हॅव टू ब्रदर्ज', आणि इथे 'आय एम हॅविंग' म्हणायची आपल्याकडे जी चाल पडलीय ती सोडलेली बरी. माहीत असणं, हवं असणं, भाऊ असणं ही काही चाललेली कामं नव्हेत, तशा स्थिती आहेत. दुसरीकडे 'मी सिडकोत दहा वर्षं राहते' हे मराठीत साधा वर्तमान आहे, पण इंग्रजीत 'आय लिव्ह' चालत नाही. दहा वर्षांमागून आजपर्यंत आलेली गोष्ट असल्याने तिथे 'आय हॅव लिव्ड' लागतं. आणि 'बसा, चहा करते' मधलं 'करते' ही सवय नव्हे, ते आत्ता मनावर घेतलेलं काम आहे. 'आय मेक टी' म्हटलं तर पाहुण्याला वाटेल, बाई चहाचा व्यवसाय करतात. तिथे 'आयल मेक टी'.

यातलं सगळ्यात अवघड वाक्य रोज साडेचारला येतं. वर्ग सुटतो, चपला घालता घालता प्रत्येक जण 'येते मॅडम' म्हणते. पोळ्यावाल्या ताईंनी एकदा दारातून मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आय कम, मॅडम!" मी म्हटलं, ताई, तुम्ही निघालात, म्हणजे इथे 'गो' पाहिजे, आणि सवय नाही, आत्ताचं आहे, म्हणून 'आय एम गोइंग'. त्यांनी मनात ते मराठीत करून पाहिलं असावं. चेहरा पडला. "'जाते' म्हणू?" त्या म्हणाल्या. "दारात उभं राहून? नको मॅडम." आणि 'आय कम' म्हणूनच जिना उतरल्या.